एका मेमरी कार्डाची चौकशी



कामगार संघटनेतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, संप किंवा फार तर नवे कामगार कायदे यांवर बोलणार, असे आपण धरून चालतो. त्यामुळे चिटणीसांनी मला विषय विचारला आणि मी "मेमरी कार्डावर चालणारा लहानसा संगणक सुरू होईनासा झाला तर काय करावे" असे सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्पच बसले. मग म्हणाले, "अहो, पण हे इंजिनिअर लोकांचे काम." इंजिनिअर लोकांचे आहे हे खरेच. पण रात्री साडेनऊ वाजता, बाहेर पाऊस कोसळत असताना आणि चौथ्या दिवशी कामगार न्यायालयात तारीख असताना इंजिनिअर कुठून आणायचा? तेव्हा ते काम आपलेच होऊन बसते. मी दहावीनंतर शाळा सोडलेला माणूस आहे. जे काही शिकलो ते लोकांना विचारून, हात भाजून, आणि मुंबईच्या आय. आय. टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाने लिनक्सचे जे पाठ मराठीतून उपलब्ध केले आहेत ते पुनःपुन्हा ऐकून. त्या शिदोरीवर हे बोलतो आहे.

प्रथम प्रसंग सांगतो. एका काजू कारखान्यातील एकतीस स्त्रियांचे प्रकरण आमच्याकडे आहे. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की कायद्याच्या दृष्टीने ती सलग एक वर्षाची नोकरी ठरते. हा आकडा लहान दिसतो, पण कायम आणि हंगामी यांच्यामधली भिंत बऱ्याच वेळा या २४० वरच उभी असते. कारखान्याच्या हजेरीपटात कोणाचे २३१ दिवस निघतात, कोणाचे २३६. म्हणून आम्ही आमची स्वतंत्र हजेरी ठेवू लागलो. आधी वह्यांत ठेवली. एका पावसाळ्यात कचेरीची कौले गळली, वह्या भिजल्या, शाई पसरली. मग ठरले की हजेरी यंत्रात ठेवायची. रोज संध्याकाळी बायका येऊन दिवस सांगत आणि त्या दिवसाची एक फाइल तयार होई. अशा चौदा महिन्यांच्या फाइली झाल्या होत्या.

ते यंत्र म्हणजे 'रास्पबेरी पाय'. इंग्लंडमधील केंब्रिज येथे, शाळकरी मुलांना स्वस्तात संगणक हाताळता यावा म्हणून काही मंडळींनी हे काढले आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ते विक्रीला आले. आमचे यंत्र २०१६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीचे. पत्त्याच्या पानाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर सारा संगणक. चालते लिनक्सवर, म्हणजे हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ज्याची सुरुवात केली आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी मिळून जी वाढवली, त्या प्रणालीवर. (संघटनेच्या माणसाला ती आवडावी यात नवल नाही.) मात्र या यंत्रात कपाटासारखी हार्ड डिस्क नसते. प्रणाली, प्रोग्रॅम, आमची हजेरी, सगळे नखाएवढ्या एका मेमरी कार्डावर.

जून महिन्यातली ती संध्याकाळ. मी शेवटची नोंद जतन केली आणि त्याच क्षणी वीज गेली. आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. त्यानंतर यंत्राचा लाल दिवा लागला, पण पडद्यावर काहीच नाही. आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने कार्ड काढून आपल्या लॅपटॉपात घातले. लॅपटॉपने नम्रपणे विचारले की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? त्याचे बोट 'हो'वर जाणार, एवढ्यात तंत्रनिकेतनात शिकणारी आमच्या एका कामगार भगिनीची मुलगी ओरडली, "काका, थांबवा त्यांना! नको म्हणा, नको!" त्या एका 'नको'ने चौदा महिने वाचले.

लॅपटॉप खोटे का बोलला, हे समजले की निम्मा विषय समजला. आपल्या कोकणातले घर डोळ्यांसमोर आणा. पुढे पडवी, आत माजघर. पडवीत कोणीही येऊन बसतो. माजघरात घरच्यांनीच जायचे. या कार्डाचेही असेच दोन भाग केलेले असतात. पहिला लहान भाग 'फॅट' नावाच्या जुन्या, साध्या पद्धतीने मांडलेला असतो, तो जवळजवळ कोणत्याही संगणकाला वाचता येतो. दुसरा मोठा भाग 'एक्स्ट फोर' या लिनक्सच्या पद्धतीने मांडलेला. प्रणालीचा बहुतेक संसार आणि आपली कागदपत्रे त्यात. विंडोज लॅपटॉपला पडवी दिसते, पण माजघराची भाषा येत नाही. आणि जे आपल्याला वाचता येत नाही ते कोरे आहे, असे त्याला वाटते. पुष्कळ साहेबलोकांचीही समजूत अशीच असते, पण ते असो.

आता यंत्र जागे कसे होते ते पाहू. या क्रियेला 'बूट' होणे म्हणतात, आणि त्या शब्दाचा पायातल्या बुटाशी खरोखरच संबंध आहे. बुटाच्या मागच्या पट्ट्या धरून स्वतःच स्वतःला वर उचलण्याची अशक्य कसरत इंग्रजीत प्रसिद्ध आहे. संगणकापुढे हाच पेच असतो. प्रोग्रॅम वाचायला प्रोग्रॅम लागतो, मग पहिला प्रोग्रॅम कोण वाचणार? तोड अशी काढली आहे की, चिपमध्ये कारखान्यातच एक अगदी लहान प्रोग्रॅम कायमचा कोरून ठेवायचा. तो कारखान्याच्या पहारेकऱ्यासारखा. त्याला एकच काम ठाऊक. कार्डाच्या पडवीत जायचे आणि 'बूटकोड' नावाची फाइल शोधून तिच्या हाती किल्ल्या द्यायच्या. बूटकोड उठतो आणि 'स्टार्ट' नावाच्या फाइलीला उठवतो. स्टार्ट जुळवाजुळव करून 'कर्नल'ला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला उठवतो. कर्नलला माजघराची भाषा येते, तो आतले दार उघडतो. मग आतली सारी खाती एकेक करून कामाला लागतात. पहिली पाळी सुरू होताना गेट, बॉयलर, पट्टे, मुकादम असा जो क्रम असतो, तसाच हा.

यंत्र सुरू झाले नाही म्हणजे ही साखळी कुठेतरी तुटली. कुठे तुटली हे न पाहता "कार्ड गेले, नवे आणा" म्हणणे म्हणजे चौकशीशिवाय कामगाराला काढून टाकणे होय. आमच्या धंद्यात आम्ही मालकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, की माणूस गेटवर आला होता का, खात्यात पोचला होता का, आणि काम कुठल्या मिनिटाला थांबले? तेच यंत्राला विचारायचे.

यंत्र उत्तर देते ते दिव्यांनी. लाल दिवा विजेचा, हिरवा कार्डाशी चाललेल्या व्यवहाराचा. लाल आहे आणि हिरवा एकदाही लुकलुकत नाही, याचा अर्थ पहारेकऱ्याला बूटकोड सापडलाच नाही. कार्ड नीट बसलेले नाही, त्यावर प्रणालीच नाही, किंवा ते मेले आहे. हिरवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा तितक्याच वेळा लुकलुकतो, तेव्हा ती सांकेतिक भाषा असते. चार वेळा म्हणजे स्टार्ट फाइल मिळत नाही, सात वेळा म्हणजे कर्नल मिळत नाही. पडद्यावर इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन येऊन तिथेच थांबला तर समजावे की स्टार्ट उठला, पण कर्नल उठला नाही. आणि पांढरी अक्षरे भराभर वर सरकू लागली की आनंद माना, कारण कर्नल जागा झालेला असतो आणि आता दोष असलाच तर बहुधा माजघराच्या दाराशी किंवा आत. "वेटिंग फॉर रूट डिव्हाइस" असे लिहून तो थांबला तर त्याला सांगितलेल्या पत्त्यावर माजघर सापडत नाही. कार्डाची नक्कल करताना किंवा भाग पाडताना पत्ता बदलला आणि पडवीतल्या चिठ्ठीवर जुनाच राहिला की असे होते. "एरर ११०" दिसले तर कार्डाने वेळेत उत्तर दिले नाही, आणि "८४" दिसले तर उत्तर आले पण वाटेत बिघडून आले, असे समजावे. हे दोन आकडे बहुधा कार्डाची, त्याच्या खाचेची किंवा विजेची तक्रार करतात, प्रोग्रॅमची नव्हे.

ज्यांच्या यंत्राला पडदा जोडलेला नाही त्यांनी तीन तारांची जोडणी करून हीच अक्षरे दुसऱ्या संगणकावर वाचावी. पट्टीवरच्या ४० टाचण्यांपैकी सहावी जमिनीची, आठवी यंत्राच्या बोलण्याची, दहावी ऐकण्याची. मात्र तिथे ३.३ व्होल्टचीच जोडणी चालते. ५ व्होल्टची जोडली तर चौकशी करता करता आरोपीच दगावायचा. तिसऱ्या आवृत्तीत हे बोलणे आधी चालू करून ठेवावे लागते, हेही ध्यानात असू द्या.

आमच्या यंत्राचा हिरवा दिवा आधी मुळीच लुकलुकेना. आपल्या गावची हवा खारी आणि दमट. मांडवीच्या बाजूला राहणाऱ्यांना कुलूप-किल्लीचे जे हाल ठाऊक आहेत तेच या बारीक पितळी-सोनेरी पट्ट्यांचे होतात. वीज बंद करून कार्ड काढले, कोरड्या सुती फडक्याने हळूच पुसले, पुन्हा बसवले. दिवा लुकलुकला, चार वेळा. थांबला. पुन्हा चार. मुलगी म्हणाली, "काका, पहारेकरी आत गेलाय. बूटकोड उठलाय. स्टार्ट नाही."

येथे एक मोह होतो, आणि तो टाळावा. पडवी कोणालाही उघडता येते, तेव्हा दुसरीकडून स्टार्ट फाइल आणून तिथे टाकावी आणि यंत्र सुरू करावे. कधी कधी ते जमतेही. परंतु जे कार्ड एक फाइल गमावून बसले आहे त्यावर आणखी लिहिणे म्हणजे खचलेल्या भिंतीवर मजला चढवणे. आम्ही ठरवले की जुन्या कार्डावर आता एक अक्षरही लिहायचे नाही. दुसऱ्या कार्डावर नवी प्रणाली घालून यंत्राची परीक्षा वेगळी घ्यायची.

दुसरे कार्ड आणले, त्याचीही एक कथा झाली. घाईघाईने ६४ जीबीचे कार्ड स्वस्तात मिळाले म्हणून घेतले. प्रणाली भरली, सुरू झाली, अर्ध्या तासाने कोसळली. 'एफ थ्री' नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि मग जे लिहिले तेच परत वाचता येते का ते ताडून पाहतो. त्याने सांगितले की खरी जागा ८ जीबीच आहे. बाकीचा आकडा वरच्या छापाचा. असे कार्ड भरलेल्या जागेपलीकडे लिहायला गेले की लिहिलेले नाहीसे होते आणि कोणी तक्रारही करत नाही. तेव्हापासून नवे कार्ड या चाचणीखेरीज आमच्या कचेरीत वापरले जात नाही. आणखी एक चूक पुष्कळांच्या हातून होते, तीही येथेच सांगून टाकतो. प्रणालीची उतरवून घेतलेली फाइल कार्डावर नुसती ठेवून भागत नाही. घराचा नकाशा जमिनीवर ठेवला म्हणजे घर बांधले जात नाही. ती खास प्रोग्रॅमने कार्डावर 'लिहावी' लागते, म्हणजे मग पडवी-माजघर उभे राहते. ३२ जीबीच्या वरची कार्डे 'एक्सफॅट' पद्धतीने मांडलेली येतात, आणि आमच्या यंत्राच्या पहारेकऱ्याला ती पद्धत कळत नाही.

तिसरे कार्ड खरे निघाले. यंत्र उठले. म्हणजे पट्टी निर्दोष. परंतु हिरवा दिवा जोरात चालू लागला की लाल दिवा मधूनच विझे, आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमके. खरा अपराधी येथे सापडला.

या यंत्राला ५ व्होल्ट दाब लागतो. तो ४.६३ च्या खाली गेला की लाल दिवा विझतो आणि ती खूण उमटते. बरोबरचा मूळ चार्जर कधीतरी बिघडला होता आणि कोणीतरी मोबाइलचा चार्जर आणि एक लांब, बारीक वायर लावून ठेवली होती. "कोणीतरी" म्हणजे मीच. चार्जरवर ५ व्होल्ट, २ अँपिअर असे छापलेले होते आणि ते खोटे नव्हते. पण वायरचा हिशोब करा. तिचा जाण्यायेण्याचा रोध ०.४ ओहम धरला आणि यंत्र १.५ अँपिअर ओढू लागले, तर गुणाकार ०.६ व्होल्ट. तेवढा दाब वायरच खाते, यंत्राच्या दारात ४.४ पोचतो. नुसते बसून असताना यंत्र कमी ओढते, म्हणून सारे ठीक दिसते. काम वाढले की दाब पडतो, आणि नेमके त्याच वेळी कार्डावर लिहिणे चाललेले असते. मीटर असेल तर पट्टीवरच्या दुसऱ्या आणि सहाव्या टाचणीमध्ये, काम चालू असताना मोजावे. चार्जरच्या तोंडाशी मोजून उपयोग नाही. कारखान्यातून निघालेला पगार मुकादमाच्या हातून किती पोचला, हे कामगाराच्या हातावरच मोजावे लागते. मीटर नसेल तर यंत्रालाच 'गेट थ्रॉटल्ड' ही आज्ञा देऊन विचारता येते. उत्तर शून्य आले तर शेवटच्या सुरुवातीपासून दाब ठीक. ५०००५ आले तर आत्ताही कमी आहे आणि मागेही झाला होता. आमचे ५०००५ आले.

पण कमी विजेने कार्डाचे नुकसान कसे होते, आणि तेही स्टार्टसारख्या फाइलीचे, जिला महिनोन्‌महिने कोणी हात लावला नव्हता? या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस छळले. उत्तर कार्डाच्या पोटात आहे. तोशिबा कंपनीतले जपानी संशोधक फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात फ्लॅश स्मृती शोधून काढली. कार्ड त्याच तत्त्वावर चालते. विजेचे कण बारीक कोठड्यांत कोंडून ठेवायचे आणि ते किती आहेत यावरून अक्षर ओळखायचे. गंमत अशी की कोठड्या एकेकट्या पुसता येत नाहीत. एक अख्खी चाळ रिकामी करावी लागते. म्हणून चार शब्द बदलायचे झाले तरी कार्डातला कारभारी कधी कधी त्या चाळीतली सारी बिऱ्हाडे उचलून दुसऱ्या चाळीत नेतो, आणि कोण कुठे राहतो याची नोंदवही बदलतो. त्यातच प्रत्येक चाळ ठरावीक वेळाच पुसता येते, म्हणून तो सर्व चाळी सारख्या झिजाव्यात अशी फिरवाफिरव करत राहतो. बिऱ्हाडे रस्त्यावर असताना किंवा नोंदवही अर्धी लिहिलेली असताना वीज गेली तर? आमची हजेरी लिहिली जात होती, आणि स्टार्ट फाइलीचा एखादा तुकडा बहुधा त्याच चाळीत भाडेकरू होता. आग शेजाऱ्याच्या घरी लागली, छप्पर याचे गेले.

उरली हजेरी. लिनक्स घातलेल्या दुसऱ्या संगणकावर 'डीडीरेस्क्यू' नावाच्या प्रोग्रॅमने जुन्या कार्डाची आरंभापासून शेवटपर्यंत नक्कल घेतली. नक्कल फाइलीची नव्हे, अख्ख्या कार्डाची. हा प्रोग्रॅम शहाणा आहे. जे सहज वाचता येते ते तो आधी उचलतो, वाईट जागांचा नकाशा लिहून ठेवतो आणि मग त्या जागी पुनःपुन्हा प्रयत्न करतो. मरणाच्या दारातल्या माणसाची जबानी घेताना महत्त्वाचे प्रश्न आधी विचारतात, तसे. रात्री अकराला लावलेली नक्कल पहाटे चारला संपली. मग त्या नकलेवर, मूळ कार्डावर नव्हे, 'एफएससीके' ही दुरुस्तीची आज्ञा चालवली. ती तुटलेले धागे जुळवते आणि ज्यांचे नावगाव लागत नाही अशा फाइली 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या कप्प्यात आणून ठेवते. जत्रेत चुकलेल्या मुलांचा मांडव असतो, तसाच. तिथे आमच्या अकरा फाइली नावाशिवाय, नुसत्या आकड्यांनी बसलेल्या सापडल्या. उघडून तारखा पाहिल्या आणि जागच्या जागी लावल्या.

तीन दिवसांच्या फाइली मात्र रिकाम्या निघाल्या. नाव होते, आत शून्य अक्षरे. त्यांपैकी एक त्या संध्याकाळचीच. "जतन केले" असे पडद्यावर दिसले तरी अक्षरे लगेच कार्डावर जात नाहीत. अर्ध्या मिनिटापर्यंत ती यंत्राच्या चंचल स्मृतीत थांबू शकतात, आणि वीज गेली की ती स्मृती पुसली जाते. यंत्र बंद करताना रीतसर बंद करण्याची आज्ञा द्यावी, वायर उपटू नये, असे सांगतात ते याचसाठी. बाकीच्या दोन दिवसांचे कारण उमगले नाही. त्या तीन दिवसांसाठी आम्ही बायकांना बोलावले. एका मावशींना विचारले तर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी माका चांगला आठवता, भाऊ. बोट कापलेला, तरी शंभर टक्के कामावर होतंय." दवाखान्याची चिठ्ठी त्यांच्या पिशवीत होती. तीन दिवसांची यादी प्रत्येकीच्या सहीने वेगळी जोडली आणि अर्जात स्पष्ट लिहिले की हे दिवस स्मरणावरून दिले आहेत.

नव्या आवृत्त्यांबद्दल दोन शब्द सांगतो. २०१९ च्या चौथ्या आणि २०२३ च्या पाचव्या यंत्रात बूटकोडाचे काम पट्टीवरच्याच एका वेगळ्या स्मृतीत असते, तेव्हा पहिली पायरी कार्डावर अवलंबून नाही. जुने कार्ड नव्या यंत्रात घातले आणि ते उठले नाही, तर ते मेले असे समजू नका. त्यावर नव्या यंत्राला लागणाऱ्या फाइलीच नसतील. विजेची भूकही वाढली आहे. चौथ्याला ३ अँपिअर, आणि पाचव्याला ५ अँपिअरचा चार्जर सुचवलेला आहे.

आमच्या कचेरीत आता जाड, आखूड वायरीचा रीतसर चार्जर आहे, आणि मधे लहान बॅटरी आहे. ती वीज गेल्यावर यंत्राला नीट बंद व्हायला वेळ देते. प्रणालीचा भाग फक्त वाचण्यापुरता ठेवला आहे. हजेरी वेगळ्या डिस्कवर लिहिली जाते आणि रोज रात्री तिची एक प्रत दुसरीकडे जाते. ती मुलगी मधून मधून येऊन त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून पाहते, कारण न उघडलेली प्रत असून नसल्यासारखी, असे तिचे म्हणणे आहे. जुने कार्ड एका पाकिटात, वर तारीख घालून, कपाटात ठेवले आहे. हजेरीचा उतारा चौथ्या दिवशी दाखल झाला. समोरच्या वकिलांनी त्या तीन दिवसांवर बराच वेळ प्रश्न विचारले. प्रकरणाचा निकाल अजून लागायचा आहे.